गाडी आणि घराच्या विम्यासाठी कंपनी निवडताना

भारतात गाडीचा आणि घराचा विमा सर्वसाधारण विमा कंपन्या उतरवतात. आयुर्विम्याच्या कंपन्यांना हा व्यवसाय करता येत नाही. सर दोराबजी टाटा यांनी १९१९ मध्ये मुंबईत स्थापन केलेली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स ही या क्षेत्रातली जुनी आणि आजही मोठी कंपनी. १ जानेवारी १९७३ पासून हा व्यवसाय सरकारी झाला आणि १०७ विमा कंपन्या चार कंपन्यांत सामावल्या: मुंबईची न्यू इंडिया, कोलकात्याची नॅशनल, दिल्लीची ओरिएंटल आणि चेन्नईची युनायटेड इंडिया. दर ठरलेले, पॉलिसीचा मजकूरही ठरलेला, त्यामुळे कंपनी निवडण्याचा प्रश्न तेव्हा फारसा येतच नसे. २००० मध्ये खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले आणि १ जानेवारी २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे व आगीच्या विम्याचे दर मोकळे झाले. आज सरकारी आणि खासगी मिळून वीसहून अधिक कंपन्या हे विमे विकतात.

इतक्या कंपन्यांतून निवड करताना बहुतेक जण प्रीमियमचे आकडे शेजारी शेजारी मांडतात आणि सर्वांत लहान आकडा उचलतात. चूक इथेच होते. या विम्यांतला बराच भाग कायद्याने किंवा नियमाने सगळीकडे सारखाच असतो. तो बाजूला काढला की मग दिसते की कंपन्यांमधला खरा फरक थोड्याच गोष्टींत आहे, आणि त्यांतल्या बहुतेक गोष्टी क्लेमच्या दिवशीच कळतात. त्या आधी कशा ताडून पाहायच्या, हे समजणे म्हणजेच कंपनी निवडणे.

गाडीपासून सुरुवात करायची तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेताना तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. अपघातात दुसऱ्या कोणाचा जीव गेला किंवा कोणाला इजा झाली तर दावा न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई या विम्यातून दिली जाते, तिला वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र कारच्या बाबतीत साडेसात लाख रुपयांची मर्यादा आहे. थर्ड पार्टी विम्याचा प्रीमियम सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १,००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा वर्षाचा दर आहे. कंपनी कोणतीही असो, हा आकडा एकच. म्हणून फक्त थर्ड पार्टी विमा घ्यायचा असेल तर कंपन्यांची तुलना करत बसण्यात अर्थ नाही.

तुलना करायची ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, म्हणजे ‘ओन डॅमेज’च्या भागाची. १ सप्टेंबर २०१९ पासून हा भाग थर्ड पार्टीपासून वेगळा, वेगळ्या कंपनीकडूनही घेता येतो. याचा मूळ मजकूर सर्व कंपन्यांकडे अजूनही २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफवरच बेतलेला आहे. तेव्हा एका कंपनीचा दर दुसरीपेक्षा बराच कमी दिसला तर आधी शोधावे की त्या पॉलिसीतून काय कमी केले आहे.

बहुधा गाडीची किंमत कमी लावलेली असते. पॉलिसीवर छापलेली आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त देईल ती रक्कम. शोरूमच्या किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ती निघते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांपुढे ती कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. आठ लाखांची गाडी साडेतीन वर्षांची झाली की तिची आयडीव्ही चार लाख ऐंशी हजार येते. एखाद्या कंपनीने ती चार लाख तीस हजार लावली तर प्रीमियम हजाराच्या आसपास कमी होईल, पण गाडी चोरीला गेल्यास मालकाला पन्नास हजारांचा खड्डा पडेल. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून वर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते, त्यामुळे हा आकडा मोठ्या अपघातातही कळीचा ठरतो. दोन कंपन्यांचे दर पाहण्याआधी दोन्हीकडे आयडीव्ही सारखी करून घेतली नाही, तर ती तुलनाच फसवी.

दुसरी कपात सुट्या भागांच्या घसाऱ्यातून येते, आणि हीच मालकांना सर्वांत जास्त बोचते. वर सांगितलेल्याच साडेतीन वर्षांच्या, १,५०० सीसीच्या आतल्या गाडीची समोरून धडक झाली असे धरू. गॅरेजचे बिल ४५,००० रुपये: बंपर १२,०००, बॉनेट १६,०००, पुढची काच ९,००० आणि मजुरी ८,०००. बंपर प्लास्टिकचा, म्हणून त्यावर ५० टक्के घसारा. कंपनी ६,००० देते. बॉनेट धातूचे, तीन ते चार वर्षांच्या गाडीला त्यावर २५ टक्के, १२,००० मिळतात. काचेवर घसारा नाही, मजुरीही पूर्ण धरली जाते. या ३५,००० मधून १,००० रुपये सक्तीचे डिडक्टिबल जातात. कंपनी ३४,००० देते आणि उरलेले ११,००० मालक खिशातून भरतो. कंपनीने यात काहीही लबाडी केलेली नसते. पॉलिसीत हे लिहिलेलेच असते. सुट्या भागांवरचा घसारा न कापणारे झिरो डेप हे ॲड-ऑन, म्हणजे जादा प्रीमियमचे पूरक संरक्षण, घेतले असते तर मालकाला बहुतांशी ते हजार रुपयेच भरावे लागले असते.

ॲड-ऑनमध्ये मात्र कंपन्या एकमेकींपासून खऱ्या अर्थाने वेगळ्या होतात. झिरो डेप किती वर्षांच्या गाडीला देणार, वर्षातून किती क्लेमना लागू होणार, त्यात नट-बोल्ट, इंजिन ऑइल, कूलंट यांचा खर्च धरणार की त्यासाठी वेगळे पैसे घेणार, हे प्रत्येकीचे निराळे असते. नव्या गाडीसाठी ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ मिळते. गाडी चोरीला गेल्यास घसारा न धरता बिलाची किंमत देणारे हे ॲड-ऑन पहिल्या दोन-तीन वर्षांत घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातल्या वाहनमालकाने इंजिन प्रोटेक्शनकडे विशेष लक्ष द्यायला हवे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. बेसमेंटमध्ये उभ्या असलेल्या गाडीत पाणी शिरले तर आसने, वायरिंग, ब्रेक यांचे नुकसान नेहमीच्या पॉलिसीत धरले जाते. पाणी ओसरल्यावर मालक किल्ली फिरवून पाहतो, तिथून अडचण सुरू होते. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेले असते, पाणी हवेसारखे दाबले जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी म्हणते, हे नुकसान पुराने झाले नाही, गाडी सुरू केल्याने झाले, आणि इंजिनाचा क्लेम नाकारला जातो. इंजिन प्रोटेक्शन असेल तर हा खर्च मिळू शकतो, पण पाणी शिरल्याचे दिसत असूनही सेल्फ मारत राहिल्यास काही कंपन्यांच्या अटींत तिथेही अडचण येते. अशा वेळी बॅटरीची वायर काढावी, कंपनीला कळवावे आणि गाडी टो करूनच गॅरेजला न्यावी. कंपनी निवडताना या ॲड-ऑनच्या अटींचे पान आधी मागून वाचावे; सखल भागात राहणाऱ्याने तर प्रीमियम पाहण्याच्याही आधी.

क्लेम न केल्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी, सर्व कंपन्यांत सारख्याच पायऱ्यांनी वाढतो: २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळते. एनसीबी गाडीचा नसून मालकाचा असतो. कंपनी बदलली तरी तो सोबत येतो, गाडी विकली तर नव्या गाडीला लावता येतो, पण जुनी पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यूअल झाले नाही तर तो बुडतो. त्यामुळे ‘याच कंपनीत राहिलो नाही तर बोनस जाईल’ ही भीती निराधार आहे. उलट, आधी क्लेम घेतलेला असूनही ‘घेतला नाही’ असे सांगून एनसीबी लावणे हा सर्वांत महाग पडणारा खोटेपणा आहे. नवी कंपनी जुनीकडून खात्री करते आणि पुढच्या क्लेमच्या वेळी तो उघडा पडतो. बाहेरून बसवलेला सीएनजी किट आरसीवर आणि पॉलिसीवर न नोंदवणे, खासगी गाडी भाड्याने फिरवणे, यांचेही तसेच होते. कंपनी कितीही चांगली असली तरी अशा क्लेमला ती उपयोगी पडत नाही.

गाडीचे क्लेम वारंवार येतात आणि बहुतेक लहान असतात. म्हणून इथे कंपनीची कसोटी घराजवळच्या गॅरेजमध्ये लागते. ज्या वर्कशॉपमध्ये गाडी नेहमी जाते ते कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे का, हे आधी पाहावे. त्याच वर्कशॉपमधल्या इन्शुरन्सचे काम पाहणाऱ्या माणसाला विचारावे की कोणत्या कंपनीचा सर्व्हेअर लवकर येतो, कोणती कंपनी बदलायचा भाग ‘दुरुस्त करा’ म्हणून अडवून धरते. रोजच्या रोज सगळ्या कंपन्यांशी त्याचा संबंध येतो; त्या शहरापुरते त्याच्याइतके नेमके उत्तर कोणत्याही जाहिरातीत मिळत नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला तर हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण राज्यभर हजारो गॅरेज असल्याचे सांगणाऱ्या कंपनीचे त्या तालुक्यात एकही गॅरेज नसू शकते.

घराचा विमा याच्या अगदी उलट वागतो. त्याचा क्लेम आयुष्यात एखाद्या वेळी येतो, पण आला तर मोठा येतो, आणि बहुधा एकट्याचा येत नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, ३ जून २०२० ला रायगडवर आदळलेले निसर्ग चक्रीवादळ: अशा आपत्तीत एकाच दिवशी गावेच्या गावे भरपाईच्या रांगेत उभी राहू शकतात. त्यामुळे गाडीसाठी जवळचे गॅरेज, तसे घरासाठी कंपनीची आर्थिक ताकद ही पहिली गोष्ट ठरते. तिचे माप म्हणजे सॉल्व्हन्सी प्रमाण. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमानुसार ते किमान १.५ हवे. नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तीन सरकारी कंपन्यांचे प्रमाण अलीकडच्या वर्षांत त्याखाली गेल्याचे त्यांच्या जाहीर आकड्यांतच दिसते. केंद्र सरकारने २०१९-२० ते २०२१-२२ या काळात त्यांत १७,४५० कोटी रुपये घातले. सरकार पाठीशी असल्याने त्यांचे क्लेम बुडतील असे म्हणता येत नाही. खासगी कंपनीला मात्र तसा आधार नसतो, म्हणून तिचे प्रमाण १.५ च्या काठावर असेल तर घराच्या विम्यासाठी दुसरीकडे पाहणे शहाणपणाचे.

घराच्या पॉलिसीचा मजकूर निवडण्याची कटकट आता राहिलेली नाही. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच नमुन्याची पॉलिसी कंपन्यांना द्यावी लागते. आग, वीज पडणे, भूकंप, पूर, वादळ, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे, दहशतवादी कृत्य हे सगळे तिच्यात येते. हळूहळू झिरपणारी ओल, जुनेपणाने पडलेल्या भेगा येत नाहीत. चोरीही एरवी येत नाही. विम्यात धरलेल्या आपत्तीनंतर सात दिवसांत झालेली चोरी तेवढी धरली जाते, त्यामुळे घरफोडीचे संरक्षण हवे असेल तर ते वेगळे घ्यावे लागते. दागिने आणि मौल्यवान वस्तूंसाठीही वेगळी रक्कम मान्य करून घ्यावी लागते.

विम्याची रक्कम ठरवताना फ्लॅटचा बाजारभाव विसरावा लागतो. पुण्यातल्या ७०० चौरस फूट कार्पेटच्या फ्लॅटला ग्राहक ऐंशी लाख मोजायला तयार असेल, पण त्यात जागेची किंमत मोठी असते आणि जागा जळत नाही, वाहूनही जात नाही. विमा उतरवायचा तो बांधकामाचा. चौरस फुटाला २,५०० रुपये बांधकामखर्च धरला तर साडेसतरा लाख रुपये पुरतात. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. इथे ते साडेतीन लाख येते. पूर्वी विमा कमी रकमेचा उतरवला असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जात असे. भारत गृह रक्षामध्ये ती कपात नाही, आणि घरमालकाच्या दृष्टीने हा या पॉलिसीतला सर्वांत मोठा बदल आहे. पॉलिसी दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते. तशी घेतल्यास बांधकामाची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. घर राहण्याजोगे उरले नाही तर दुसऱ्या जागेचे भाडेही त्यात धरलेले आहे. भाडेकरूला फक्त सामानाचा विमा घेता येतो.

मजकूर सारखा असल्याने घरासाठी कंपन्यांच्या दरांची तुलना खरोखर करता येते, पण त्याआधी दोन कागद पाहावेत. फ्लॅट सोसायटीत असेल तर सोसायटीने इमारतीचा विमा काढला आहे का आणि किती रकमेचा, हे सचिवांना विचारावे. तो पुरेसा असेल तर सभासदाला सामानाचा विमा पुरतो. गृहकर्ज असेल तर बँकेने सोबत चिकटवलेली पॉलिसी उघडून पाहावी. अनेकदा तिची रक्कम बाकी कर्जाइतकीच असते, आणि कर्ज फिटत गेले की घराचे संरक्षणही आटत जाते. कर्जाबरोबर विमा हवा असे बँक म्हणू शकते, पण तो अमुकच कंपनीचा घ्या अशी सक्ती तिला करता येत नाही. गाडीच्या शोरूमलाही ते लागू आहे. ‘आमच्याकडूनच इन्शुरन्स घ्या’ असा आग्रह झाला तरी ग्राहक बाहेरून पॉलिसी आणू शकतो.

कंपनीची वागणूक कशी आहे हे कळायला जाहिरातीपेक्षा चांगला आधार उपलब्ध आहे, आणि तो फारसा कोणी वापरत नाही याचे वाईट वाटते. प्रत्येक कंपनीला दर तिमाहीला आपल्या संकेतस्थळावर ‘पब्लिक डिस्क्लोजर’ प्रसिद्ध करावी लागतात. त्यांतल्या एनएल-३७ या तक्त्यात किती क्लेम आले, किती दिले, किती नाकारले हे असते. एनएल-३९ मध्ये क्लेम निकाली निघायला किती काळ लागला ते. आणि एनएल-४५ मध्ये तक्रारींचा हिशेब, दर दहा हजार पॉलिसींमागे किती तक्रारी आल्या यासह. मोठ्या कंपनीच्या तक्रारींची एकूण संख्या मोठीच दिसणार, म्हणून दहा हजारांमागचे प्रमाण पाहावे. एका तिमाहीवरून मत बनवू नये. चार-सहा तिमाह्या मागे जावे. ‘इन्कर्ड क्लेम रेशो’ म्हणजे प्रीमियमच्या शंभर रुपयांतले किती रुपये भरपाईत गेले. तो फारच कमी असेल तर कंपनी दर जास्त लावते किंवा हात आखडता घेते, आणि सतत शंभराच्या वर असेल तर ती तोट्यात विमा विकते व उद्या दर वाढवणार. मोटार विभागाचा हा आकडा मात्र जपून वाचावा, कारण न्यायाधिकरणात वर्षानुवर्षे चालणारे थर्ड पार्टीचे दावेही त्यात मिसळलेले असतात.

पॉलिसी कोणाकडून घ्यायची हाही निवडीचाच भाग. एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो, ब्रोकर कायद्याने ग्राहकाचा. ऑनलाइन थेट घेतलेली पॉलिसी थोडी स्वस्त पडते, पण क्लेमच्या वेळी फोन उचलणारे कोणी नसते. गावात चांगला एजंट असेल, त्याने चार लोकांचे क्लेम मिळवून दिल्याचे माहीत असेल, तर त्याच्याकडून घेण्यात नुकसान नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना गाडी आणि घर एकाच कंपनीकडे दिल्यास चांगली सवलत मिळण्याची सवय असते. भारतात तसा फायदा क्वचितच मिळतो, त्यामुळे गाडी एकीकडे आणि घर दुसरीकडे ठेवायला हरकत नाही.

क्लेम अडला तर काय, हे कंपनी निवडतानाच माहीत असावे. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यावर सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. गाडी चोरीला गेल्यावर पोलिसांत लगेच गुन्हा नोंदवला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. कंपनीच्या उत्तराने समाधान झाले नाही तर आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे विमा लोकपाल आहेत. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी, आणि तिने ती फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही तर एक वर्षाच्या आत लोकपालांकडे जावे लागते. ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे ते ऐकतात, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो; ग्राहकाला तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग त्याला मोकळा राहतो.